उलटं वाचलेलं लेबल

माझा धंदा चुका शोधण्याचा. घरात नाही, तिथे मला कोणी विचारत नाही, छापखान्यात. आमच्याकडे लेबलं छापतात. खोकल्याच्या औषधाची, शाम्पूची, जॅमच्या बरणीची, कुत्र्याच्या साबणाची, उंदराच्या विषाची. मशीनवर जाण्याआधीचा शेवटचा कागद माझ्या टेबलावर येतो. मी तो तपासते, खालच्या कोपऱ्यात सही ठोकते, आणि मगच मशीन सुरू होतं. एकवीस वर्षांत माझ्या सहीखालून एकही चूक निसटलेली नाही. मालकांनी माझ्या खुर्चीमागच्या भिंतीवर तशी पाटीच लावली आहे: ‘चुका: शून्य’. गिऱ्हाईक आलं की आधी त्याला पाटी दाखवतात, मग मला.

ह्या शून्यामागे एक युक्ती आहे. मी लेबल उलटं वाचते. कागद उलटा धरून नव्हे. शेवटच्या ओळीच्या शेवटच्या अक्षरापासून सुरुवात करून वर वर जाते. पेन्सिलीचं टोक एकेका अक्षरावर टेकवायचं आणि मूळ मजकुराशी ताडत जायचं. माझ्या आधी ह्या खुर्चीवर ज्या बाई बसायच्या त्यांनी मला ही विद्या दिली. त्या म्हणायच्या, “अर्थ लागला की डोळा पुढे पळतो आणि चूक मागे राहते. तेव्हा तू अर्थ लावायचाच नाही.” मी आज्ञाधारक. एकवीस वर्षं मी अर्थ लावला नाही. लोकांना वाटतं, बाई दिवसभर वाचते, केवढं ज्ञान असेल हिला! साबणाच्या पाठीवरचं प्रत्येक अक्षर मला ओळखीचं आहे, आणि साबणात काय असतं ते मला अजून माहीत नाही.

चेहरा उजळवणाऱ्या क्रीमची लेबलं आमच्याकडे ढिगाने येतात. सगळ्यांची तऱ्हा एकच. पुढच्या बाजूला ‘तेज’ अंगठ्याएवढ्या अक्षरांत, शेजारी चंद्र, कमळ नाहीतर मोती. मागच्या बाजूला घटक, सूचना आणि इशारे, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, फिकट राखाडी शाईने, चकचकीत रुपेरी कागदावर. ही रंगसंगती चुकून जमत नाही हो. गिऱ्हाईक समोर बसून, चहा पीत, गोड आवाजात सांगतं, “मागचं जरा अजून सौम्य करता येईल का?” सौम्य म्हणजे डोळे फुटले तरी दिसू नये असं. आणि आम्ही ते करून देतो, अगदी बिनचूक.

आता माझ्या वहिनीकडे वळते. मी दादाच्या घरातच वरच्या मजल्यावर राहते, त्यामुळे वहिनीकडे न वळून चालत नाही. वहिनी शाळेत गणित शिकवते. दुधाच्या पिशवीवरची तारीख दुकानदाराच्या तोंडावर मोठ्याने वाचून दाखवणारी बाई. पण तोंडाला लावायच्या वस्तूंची गोष्ट निघाली की तिचं गणित सुट्टीवर जातं. न्हाणीघरातलं तिचं फडताळ पाहावं. सकाळचं सीरम, संध्याकाळचं सीरम, आणि मधल्या वेळात हळहळ. घटकांची नावं ती नातेवाइकांसारखी घेते. “नायसिनामाइड स्वभावाने शांत, आपल्याला मानवतं. व्हिटॅमिन सी जरा तापट. कोजिक ॲसिडचं आणि माझं कधी पटलं नाही.” ह्या मंडळींनी तिचं फार वाईट केलं नव्हतं आणि फार चांगलंही केलं नव्हतं. कधी थोडी चुरचुर, कधी थोडी साल निघायची, एवढंच. दादा ह्या सगळ्या काळात वर्तमानपत्रामागे होता. गोष्टीच्या शेवटपर्यंत तो तिथेच राहणार आहे, तेव्हा त्याची वाट पाहू नका.

त्यांची मुलगी, माझी भाची, घरात बेडकी. तीन वर्षांची असताना टबातून बाहेर यायची नाही म्हणून हे नाव पडलं. आता चोवीस वर्षांची आहे, नाव तेच आणि खोडही तीच. उघड्या तलावावर ती लहान मुलांना पोहायला शिकवते. घाबरून काठाला चिकटलेलं पोर पंधरा दिवसांत सूर मारायला लागतं, अशी तिची ख्याती. सकाळपासून दुपारपर्यंत पाण्यात, वर ऊन. खांदे, पाठ, तोंड भाजून निघालेलं, आणि हसली की आख्खं तोंड हसायचं. नोकरी हंगामी होती. पण येत्या मोसमापासून एक जागा कायम होणार होती आणि ती बेडकीलाच मिळणार, असं तलावाच्या मॅनेजरने तोंडभरून सांगितलं होतं.

वहिनी रोज तिच्याकडे बघून सुस्कारा सोडायची. “काळवंडली गं पोर.”

“आई, मी पाण्यात काम करते. फ्रीजमध्ये नाही,” बेडकी म्हणायची, आणि विषय संपायचा.

विषय संपला नाही तो एका पोस्टरमुळे. नव्या मोसमासाठी मॅनेजरने बेडकीचा फोटो काढून मोठं पोस्टर केलं आणि दारावर लावलं. करताना कोणीतरी कॉम्प्युटरवर तिचा चेहरा चांगला तीन छटा उजळवला. पाणी निळं, टोपी लाल आणि बेडकी पीठ सांडल्यासारखी. ती मला हसत हसत दाखवायला घेऊन गेली होती. तेवढ्यात तिथे आलेले लोक तिलाच म्हणाले, “अय्या, ह्या तुम्ही? किती छान दिसता ह्यात!” ‘ह्यात’वर जोर. एक झालं, दुसरं झालं, पाचवं झालं. बेडकीचं हसू कमी कमी होत गेलं. मी शेजारीच उभी होते. मला वाटलं, पोर थकली असेल.

त्याच आठवड्यात वहिनीने तिच्या पार्लरवालीकडून एक ट्यूब आणली. पुढे मोत्याचं चित्र. पार्लरवाली ती काचेच्या कपाटात ठेवत नाही म्हणे. खास गिऱ्हाइकालाच खालच्या खणातून काढून देते. जी वस्तू खालच्या खणातून निघते तिच्यावर वहिनीचा विश्वास आधी बसतो. ह्या वेळी बेडकीने मुकाट्याने हात पुढे केला.

आठ दिवसांत चमत्कार झाला. खोटं कशाला सांगू, झालाच. बेडकीचा चेहरा गुळगुळीत आणि उजळ दिसायला लागला. वहिनी शेजारपाजारी ट्यूब मिरवून आली. आणि मी, जिला जगातल्या चुका लांबून दिसतात म्हणतात, मीसुद्धा म्हणाले, “छान दिसतेस गं बेडके.” हे वाक्य मला आजही छळतं.

दोन महिन्यांनी ती तलावावरून आली ती गाल धरून. क्लोरीनच्या पाण्याने आग आग होत होती. मग उन्हात उभं राहवेना. गालांवर लाल धाग्यांसारख्या बारीक शिरा दिसायला लागल्या, हनुवटीवर पुटकुळ्या आल्या, कानशिलांजवळ लव वाढली. ट्यूब एक दिवस चुकली की तोंड टोमॅटोसारखं लाल व्हायचं. पुन्हा लावली की सकाळपर्यंत गार. ह्यावर आमच्या गणिताच्या बाईंनी निष्कर्ष काढला, “बघितलंत वन्सं? लावलं की बरं वाटतं, थांबवलं की बिघडतं. म्हणजे क्रीम चांगलं आहे, थांबवणं वाईट.” ह्या हिशेबाने दारूइतकं गुणी औषध नाही. मी तसं म्हणाले, तर वहिनीने नाक मुरडलं.

बेडकी पाण्यात उतरेना. सावलीत उभं राहून शिट्टी वाजवून शिकवायला लागली. चार दिवसांनी मॅनेजरने तिला बोलावून घेतलं. “लाल तोंडाची शिक्षिका बघून पालक पोरं पाण्यात सोडतील का? एक तारखेला नवी नोंदणी आहे. त्याच्या आत तोंड बरं करून ये. नाहीतर जागेला दुसरी मुलगी आहे.” ज्या माणसाने तिचं तोंड पोस्टरवर पांढरं केलं होतं, त्याला आता तिच्या तोंडाचा रंग खटकत होता. बेडकी घरी येऊन माझ्या पलंगावर पडली आणि भिंतीकडे तोंड करून रडली. पाण्याबाहेर काढलेलं ते पोर मला बघवेना. मी तिला धरून त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या. बेडकीचं तोंड त्यांनी दिव्याखाली पाहिलं आणि हात पुढे केला. “ट्यूब आणलीय?”

ट्यूब दिली. त्यांनी पुढची बाजू पाहिलीसुद्धा नाही. मागची बाजू दिव्याकडे वळवली, तिरकी केली, डोळे बारीक केले, आणि वैतागून म्हणाल्या, “कोणी छापतं हे?”

मी पर्समधून माझं भिंग काढून दिलं. त्यांनी वाचलं आणि ट्यूब माझ्या हातात ठेवली. “तुम्हीच वाचा. मोठ्याने.”

मी भिंग लावलं आणि आयुष्यात पहिल्यांदा एक लेबल सुरुवातीपासून शेवटाकडे वाचलं. क्लोबेटासोल प्रोपिओनेट. हायड्रोक्विनोन. केवळ डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. चेहऱ्यावर वापरू नये. दोन आठवड्यांपेक्षा जास्त वापरू नये. त्वचा पातळ होण्याची शक्यता. उन्हात जाणे टाळावे.

सगळं लिहिलेलं होतं. एक अक्षर कमी नाही, एक अक्षर जास्त नाही.

“क्लोबेटासोल हे जबर स्टेरॉइड,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “कोपरा-गुडघ्यावर जाड जुनाट चट्टे येतात, तिथे थोडे दिवस देते मी. तोंडावर हे लावलं की कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या आक्रसतात आणि तोंड उजळ दिसतं. मग कातडी पातळ होत जाते. थांबवलं की दबलेलं सगळं उसळून वर येतं, माणूस घाबरून पुन्हा लावतो. आणि हे दुसरं, हायड्रोक्विनोन. डाग फिकट करायला देतात, पण मोजकं, ठरावीक दिवस, ऊन टाळून. वर्षानुवर्षं चोपडलं तर उलट निळसर काळे डाग पडतात आणि ते सहजासहजी जात नाहीत. आणि तुमची ही मुलगी हे लावून रोज उन्हात!”

“मग आता?” बेडकीने विचारलं.

“आजपासून बंद. मी साधं मलम देते, त्यात स्टेरॉइड नाही. काही आठवडे तोंड फार त्रास देईल, कदाचित काही महिने. काही झालं तरी ती ट्यूब पुन्हा उघडायची नाही. पोहायचं तर महिनाभराने, सकाळी ऊन चढायच्या आत, आणि बाहेर आल्या आल्या तोंड साध्या पाण्याने धुवायचं. मॅनेजरला चिठ्ठी देते, हे कोणाला लागत नाही म्हणून.” मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, “एवढं स्पष्ट लिहिलेलं असताना घरात कोणीच कसं वाचलं नाही?”

मी ट्यूबच्या शिवणीजवळ बघत होते. तिथे छापखान्याचा कामाचा नंबर असतो. तो आमचा होता.

दुसऱ्या दिवशी मी छापखान्यात जुनी फाइल काढली. मोतीवाल्यांचं लेबल, वर्षापूर्वीचं. खालच्या कोपऱ्यात माझी सही, शेजारी ‘बरोबर’. ‘क्लोबेटासोल’वर माझ्या पेन्सिलीचे बारीक ठिपके होते, प्रत्येक अक्षराखाली एक. ‘चेहऱ्यावर वापरू नये’ ह्यावरही होते. एकेक अक्षर मी हाताने मोजलं होतं. मागे वळून पाहिलं तर पाटी तिथेच होती: ‘चुका: शून्य’. ती खोटी नव्हती, हेच तर दुखणं.

घरी मी ह्यातलं काही सांगितलं नाही. मूग गिळून बसले. वर वहिनीवर तोंडसुख घेतलं ते वेगळंच. “गणित शिकवतेस ना गं? दुधाची तारीख वाचतेस, पोरीच्या तोंडाला लावायचं वाचत नाहीस?” वहिनीचा चेहरा एवढासा झाला. पण ती हाडाची मास्तरीण. तिसऱ्या दिवशी तिने माझ्याकडून एक भिंग मागून घेतलं आणि घरातल्या सगळ्या बाटल्या जेवणाच्या टेबलावर मांडून तपासायला बसली. दादाच्या दाढीच्या साबणावर अर्धा तास घालवला. स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि कुठेतरी वाचलेला पारा असे तीन गुन्हेगार तिने वहीत लिहून ठेवले. ज्यावर ही नावं नाहीत ते निर्दोष. मला वाटलं, चला, बाई शहाणी झाली.

बेडकीचं तोंड मात्र डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसंच सूड उगवत होतं. सुजायचं, पेटायचं, साली निघायच्या. ती ओला रुमाल गालांवर ठेवून खिडकीत बसायची आणि कॅलेंडरकडे बघायची. तीन आठवडे गेले. सूज उतरली, आग कमी झाली, लाली हटेना. एक तारीख जवळ येत चालली.

आणि तेव्हाच माझ्या टेबलावर मोतीवाल्यांचं नवीन लेबल आलं.

पुढे मोती आधीपेक्षा मोठा. ‘नवीन! दुष्परिणाम शून्य!’ माझ्या पाटीवरचा शब्द त्यांना आवडलेला दिसत होता. ह्या वेळी मी ते सरळ वाचलं. क्लोबेटासोल नाही. हायड्रोक्विनोन नाही. डॉक्टरांची चिठ्ठी नाही, दोन आठवडे नाहीत, इशारा नाही. मोत्याचा अर्क, गुलाबपाणी, बदामतेल आणि ‘इतर आवश्यक घटक’. मात्र परवान्याचा नंबर तोच, ट्यूबचा रंग तोच, आणि ‘आठ दिवसांत फरक’ हे आश्वासनही तेच. बदामतेलाने आठ दिवसांत फरक पडत असता तर जगातले बदाम एव्हाना संपले असते.

आमच्याकडे एक पिवळा कागद असतो. मजकुरात शंका आली की तपासणारीने त्यावर प्रश्न लिहायचा. गिऱ्हाइकाने खाली लेखी उत्तर देऊन सही केल्याशिवाय काम मशीनवर जात नाही. नियम मालकांचाच. एरवी मी त्यावर ‘पत्त्यात पिनकोड नाही, चालेल?’ असलं काहीतरी लिहिते. ह्या वेळी लिहिलं: ‘मागच्या लेबलवर क्लोबेटासोल आणि हायड्रोक्विनोन होतं, ह्या लेबलवर नाही. ट्यूबमधून औषध काढलं आहे, की फक्त नाव काढलं आहे? लेखी कळवावे.’

मोतीवाल्यांचा माणूस स्वतः आला. गुळगुळीत दाढी, गुळगुळीत बोलणं. पिवळा कागद वाचून तो हसला. “बाई, तुमचं काम अक्षरं बघायचं. आतलं आम्ही बघतो.”

“म्हणजे काढलंय औषध?”

“लोकांना आता नावांची भीती वाटते हो. उगाच घाबरवायचं कशाला?”

“मग खाली लिहा, ‘काढलं आहे’. तीन शब्द नाहीत, दोनच आहेत. लिहा आणि सही करा, लगेच छापते.”

त्याने खिशातलं पेन काढलंसुद्धा. टोपण काढलं. कागदाकडे बघितलं. मग टोपण पुन्हा लावलं, पेन खिशात ठेवलं आणि मालकांच्या खोलीत गेला. काचेतून मला त्याचे हातवारे दिसत होते. दुपारी ते काम दुसऱ्या छापखान्यात गेलं. मालकांनी मला बोलावलं, पाटीकडे बघत खाकरले आणि म्हणाले, “उद्यापासून तुम्ही जॅमच्या बरण्या बघा.” पिवळा कागद मी घडी करून पर्समध्ये ठेवला. उत्तराची जागा कोरी होती.

एक तारखेच्या आदल्या दिवशी, दुपारी, मी स्वयंपाकघरात चहा टाकत होते आणि बेडकी टेबलाशी बसली होती. वहिनी शाळेतून आली ती उड्या मारत. हातात नवी ट्यूब.

“वन्सं, कंपनीला अक्कल आली हो! बघा, काढून टाकलं सगळं. मी पार्लरमध्येच भिंग लावून वाचलं. एकसुद्धा नाव नाही!” तिने वही उघडून तिन्ही गुन्हेगार लेबलाशी ताडून दाखवले. “आज लावलं की उद्या सकाळपर्यंत लाली जाईल. पार्लरवाली म्हणाली, पहिल्यासारखीच गुणकारी आहे.”

बेडकीने ट्यूब हातात घेतली, टोपण फिरवलं, नाकाशी धरली. “वास तोच आहे,” ती हळूच म्हणाली. पण बोट ट्यूबच्या तोंडाशी गेलं होतं. “एकदाच, आत्या. उद्याच्या दिवसापुरतं. तिथे तसल्या तोंडाने उभी राहिले तर माझी जागा जाईल. मला पाण्याबाहेर जगता येत नाही गं.”

लेबल स्वच्छ होतं. मी उपदेश केला असता तर वहिनीने माझाच धडा मला वाचून दाखवला असता. मी पर्समधून पिवळा कागद काढून टेबलावर ठेवला आणि जे आधीच सांगायला हवं होतं ते सांगितलं. सगळं. आधीचं लेबल माझ्या हाताखालून गेलं. त्यातलं अक्षर न् अक्षर मी तपासलं. सही माझी.

वहिनीने हातातली वही मिटली. “आणि तुम्ही मला बोललात?” ती म्हणाली. “मी नाही वाचलं, चुकलेच मी. पण तुम्ही वाचून बोललात?”

“मी उलटं वाचते गं वहिनी. अर्थ लावत नाही.”

हे बोलताना मला लाज वाटली. एकवीस वर्षं मी ज्याचा टेंभा मिरवला, ते वाक्य स्वयंपाकघरात किती दळभद्री वाटलं.

बेडकीने पिवळा कागद वाचला. कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. “इथे काय लिहायचं होतं त्याने?”

“‘काढलं आहे.’ एवढंच.”

“आणि नाही लिहिलं?”

“पेन उघडून बंद केलं.”

तिने ट्यूबचं टोपण घट्ट लावलं आणि ती माझ्यासमोर सरकवली. “आत्या, आईला ती बारीक अक्षरं दिसलीच नाहीत,” ती म्हणाली. “तुला दिसली होती.” आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर बरं झालं असतं. मी चहा गाळायला उठले आणि निम्मा ओट्यावर सांडला.

सकाळी मी तिच्याबरोबर तलावावर गेले. दारावर पोस्टर होतंच. पिठातली बेडकी उन्हात चमकत होती. मॅनेजरने डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी दोनदा वाचली आणि तिच्या तोंडाकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या. “ठीक आहे. सकाळची लहान मुलांची बॅच घे. पण दहा वाजेपर्यंत किती नोंदणी होते ते बघू. झाली नाही, तर माझा नाइलाज आहे.”

बेडकी टेबलाशी उभी राहिली, पोहण्याच्या पोशाखात, लाल तोंड उघडं ठेवून. मी शेजारी स्टुलावर. पालकांची रांग लागली. लोक यायचे, तिच्याकडे बघायचे, आणि शेजारच्या टेबलावरच्या नव्या मुलीकडे वळायचे. साडेनऊ वाजले. तिच्या कागदावर एकही नाव नव्हतं. मॅनेजर लांबून घड्याळ बघत होता.

तेवढ्यात एक बाई आल्या, सात-आठ वर्षांची मुलगी हाताशी. डोक्यावर मोठी टोपी, मोठा गॉगल, तोंड नितळ आणि उजळ. “त्या पोस्टरवरच्या मॅडम कुठे आहेत?” त्यांनी विचारलं. “आम्हाला त्यांच्याकडेच घालायचंय.”

“मीच ती,” बेडकी म्हणाली.

बाईंनी पोस्टरकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा पोस्टरकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून, अगदी मैत्रिणीसारखं विचारलं, “त्या फोटोच्या वेळी काय लावत होतात हो?”

“तेव्हा काही नाही. ते कॉम्प्युटरने केलंय. क्रीम ह्या तोंडाला लावलं.”

“हो का?” बाई म्हणाल्या. आणि ऐकून घ्या, पुढे काय विचारावं त्यांनी? “कुठलं?”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी स्टुलावरून उठले आणि म्हणायला लागले. भिंग नाही, कागद नाही. क्लोबेटासोल प्रोपिओनेट. हायड्रोक्विनोन. केवळ डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. चेहऱ्यावर वापरू नये. दोन आठवड्यांपेक्षा जास्त वापरू नये. त्वचा पातळ होण्याची शक्यता. उन्हात जाणे टाळावे. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, सरळ, सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात. “पुढे मोत्याचं चित्र,” मी म्हणाले, “आणि तपासून ‘बरोबर’ म्हणून सही करणारी मी.”

बाईंनी गडबडीने पर्समध्ये हात घातला आणि एक ट्यूब काढली. मोती मोठा होता. त्यांनी मागची बाजू वाचली आणि सुटकेचा श्वास टाकला. “छे, माझ्यावर तसलं काही लिहिलेलं नाही.”

मी पर्स उघडली. पिवळा कागद घरी टेबलावर राहिला होता.

बेडकीने हात पुढे केला आणि विचारलं, “गॉगल काढता जरा?” बाईंनी काढला. बेडकी वाकून त्यांच्या गालाकडे अगदी जवळून बघत राहिली. मग डोळ्यांखाली, जिथे पावडरीतूनही बारीक लाल धागे दिसत होते, तिथे बोट नेलं.

“लिहिलंय ना,” ती म्हणाली. “इथे.”

बाईंचा हात आपोआप गालाकडे गेला. त्या पोस्टरकडे बघेनात, माझ्याकडेही बघेनात. थोड्या वेळाने त्यांनी टेबलावरचं पेन उचललं आणि बेडकीच्या कागदावर, पहिल्या ओळीत, मुलीचं नाव लिहिलं. पेन खाली ठेवताना त्या बेडकीच्या कानाशी वाकल्या.

“एक दिवस नाही लावलं,” त्या म्हणाल्या, “तर फार आग होते हो.”